कॅसेटमधली हाक

कुश, दिवा राहू दे तसाच, मंद. आन्या, ही तुझ्या बाबांचीच गोष्ट आहे. तू तेव्हा पोटात होतीस.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. भानुदास, तुझा बाबा, संध्याकाळी आपल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर गेला तो एक वायर आणायला. टेपरेकॉर्डरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा होता. नागपूरला त्याची आई ऑगस्टमध्ये वारली. याची व्हिसाची कागदं अडकलेली, शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. मागे उरली एक कॅसेट. उपासनाला, तुझ्या आईला, दिवस गेल्याचं कळल्यावर आजीनं नातवंडासाठी बाबासाहेबांचा पाळणा गाऊन पाठवलेली. सुरुवातीला लाडानं हाक, "भानू!" मग पाळणा.

जेवणं झाल्यावर तो बेसमेंटमध्ये बसला. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं, त्याचा त्याला कोण अभिमान! "काका, हे मशीन कधी बंदच करावं लागत नाही," असं मला ऐकवायचा. पाळणा पुरता आत गेला आणि अगदी शेवटाला टेपरेकॉर्डरनं फीत गिळली. ओढून काढली तर नुसता चुरगळा. "असू दे, कॉपी झालीय," म्हणाला.

शहाण्या माणसानं आधी सेव्ह केलं असतं. यानं आधी ऐकायला लावलं. पोरका माणूस, करणार काय?

"भानू!" स्पीकर बोलला आणि मशीन गोठलं.

माउस हलेना. अशा वेळी कीबोर्डवरचं नमलॉक दाबून बघतात, त्याचा दिवा लागला तर आत धुगधुगी आहे. दिवा लागेना. आवाज मात्र चालूच. साउंडकार्ड अडकलं की शेवटचा तुकडाच घोळवत बसतं, हे त्याला ठाऊक होतं. भानू. भानू. भानू.

उपासना जिन्यावर आली. "अहो, रीबूट करा ना. किती वेळ चाललंय!"

"सगळं मेमरीत आहे गं. रीबूट केलं तर आई जाईल."

ती तशीच वर निघून गेली.

भानू बोट रीसेटवर ठेवायचा, उचलायचा. रडू फुटलं त्याला.

दीड वाजून गेला. हाक हळू पडायला लागली. तुकडा तोच. मग हळू कशी?

आवाजातला लाड गेला. धाप आली.

"भा... नू..."

त्याला नागपूरच्या बहिणीचा, रेखाताईचा, फोन आठवला. शेवटच्या रात्री आई पहाटेपर्यंत हाका मारत होती. यालाच.

रात्रीच्या हाकेला ओ देऊ नये म्हणतात. आई हसायची असल्या गोष्टींना. "आपण बुद्धाची माणसं, भूतबीत कसलं रे?" हे तो मनात घोकत होता.

"भा... नू...?"

"भा..."

"ओ, आई," तो म्हणाला. "आलो."

आणि स्पीकर थांबला.

पडदा तसाच. दिवा नाही. काही नाही... पहाटे त्यानं रीसेट दाबलं. आत काहीच उरलं नव्हतं.

सकाळी उपासनानं ती फीत बोटांनी सरळ केली आणि पेन्सिल घालून गुंडाळली. वाजली की! चुरगळलेल्या शेवटाला जरा घरघर, बाकी पाळणा पुरता. तू तो ऐकतच झोपायचीस, आन्या.

कॅसेट अजून तुमच्या घरी आहे. लावून बघ. सुरुवातीची फीत धड आहे, एक सुरकुती नाही. पाळणाही आहे.

पण त्याच्या आधी... हाक नाही.