वारा न लागलेली केळी

वातकवच उभं राहिल्यापासून सात वर्षं खिरवाडीच्या केळीचं एकही पान फाटलं नव्हतं. एकेक पान असं अखंड, की त्यावर अर्धं वऱ्हाड जेवायला बसावं! शिवाराभोवती साठ स्तंभ. वादळ आलं की ते हवेवरच हवा आपटायचे आणि वाऱ्याचा जोर वेशीबाहेरच विरून जायचा. हे सगळं उभारणाऱ्या डॉ. वत्सला भारंबे याच गावच्या लेक. आज मात्र नियंत्रणघरात केळीच्या खोडाचा काप पुढ्यात घेऊन त्या आंबट तोंडानं बसल्या होत्या.

"नाना, खोडात धागाच नाही. नुसतं पाणी."

"मग चांगलंच की! पोटभर प्यायलंय," त्यांचे चुलते म्हणाले. कवच समितीचे ते अध्यक्ष. त्यांची चार हजार झाडं घडांनी वाकलेली.

"वाऱ्यानं हललं, तरच झाड धागा घट्ट करतं. आपण यांना कधी हलूच दिलं नाही. रोज थोडी झुळूक आत सोडू या."

"वा गं माय! लांडग्याचं पिल्लू लहान आहे म्हणून गोठ्यात घेऊ?"

वत्सलाबाईंनी खोडाचा काप बाजूला सारला. 'वारा हाच वैरी' हे सात वर्षांपूर्वी चावडीवर त्यांनीच छातीठोक सांगितलं होतं.

चार वाजताच अंधारून आलं. विजा कडाडल्या. शेजारच्या वाकडी गावचे पत्रे पतंगासारखे उडताना दिसले. खिरवाडीत उदबत्तीचा धूरसुद्धा सरळ वर जात होता. नाना दारात उभे राहून वादळाला वाकुल्या दाखवत होते.

पण कवच वारा अडवी, पाऊस नव्हे. न फाटलेल्या पानांत पाणी परातीसारखं साठत गेलं. एक झाड कमरेत मोडलं, शेजारच्यावर कलंडलं, ते पुढच्यावर. अर्ध्या तासात नानांची बाग आडवी. वातमापीचा काटा शून्यावर.

वाकडीत केळीचा तिसरा हिस्सा गेला. बाकीची केळी चिंध्या पानांनी उभी होती.

संध्याकाळी चिखलातच समिती बसली. नानांनी मोडक्या खोडाचा तुकडा पिळला; नुसतं पाणी गळलं.

"वत्सला, तुझंच खरं. झाडाला वारा पाहिजे."

"मग नवी रोपं लावल्या दिवसापासूनच..."

"लावल्या दिवसापासून? अगं, कोवळी असतात ती!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हात वर झाले. रोपं भक्कम होईपर्यंत कवच चालूच ठेवायचं, असं ठरलं.

"एकदा भक्कम झाली ना, की लगेच उघडू," नाना डोळे पुसत म्हणाले. "माझा शब्द आहे तुला."