मागची डावी सीट

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं, तर स्वतःला यापेक्षा बरी बाई दाखवली असती.

आणि ज्यांचा विश्वास बसणार नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडे कागद आहे. तारीख-वेळेसकट.

१४ नोव्हेंबर २०१७. मंगळवार. दुपारचे सव्वातीन.

जागा लिंकनशायरमधली, स्पॉल्डिंगच्या पुढची. इथले रस्ते सरळसोट, आणि प्रत्येक रस्त्याच्या कडेनं पाण्यानं भरलेला खोल चर.

मी जॅनिस ड्रिंग. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करते. अंघोळ, गोळ्या, जेवण. दिवसाला नऊ घरं. गाडी नाही, तर नोकरी नाही.

ही गाडी घेऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. राखाडी रंगाची, अकरा वर्षं जुनी. पॉकलिंग्टन नावाच्या निवृत्त गृहस्थांकडून घेतली. लग्न नाही, मूलबाळ नाही. चर्च आणि बाजार, एवढंच त्यांचं फिरणं.

तिच्या एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीची, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी साफ विसरले होते. सकाळी टोस्ट खाता खाता माझ्या मुलीनं, केरीनं, फोनवर आठवण करून दिली.

"आई, जगाच्या गोळ्या वेळेवर देतेस आणि स्वतःच्या गाडीचं भान नाही?"

"मिळेल गं एखादी जागा."

"मिळायलाच हवी. सोमवारपासून माझी पोर तुझ्या जिवावर आहे."

खरंच होतं ते. केरी सोमवारी कामावर परत जाणार होती. पाच महिन्यांच्या मार्नीला रोज सकाळी मी पाळणाघरात सोडायचं ठरलं होतं. अकरा मैल, चराच्या कडेकडेनं.

सात गॅरेजना फोन केले. सगळ्यांचं एकच उत्तर, पुढच्या गुरुवारी या. मुदत संपली की गाडी फक्त ठरलेल्या तपासणीलाच नेता येते, बाकी कुठे नाही. म्हणजे आठवडाभर घरी बसा. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आठवा फोन कटफोर्थ म्हाताऱ्याला. हा गावाबाहेर एकटाच बसतो. फक्त तपासणी करतो, दुरुस्ती करत नाही. अशाच माणसाकडे जायला आम्हाला आवडतं. दोष काढून त्याला काही मिळत नाही, म्हणून तो उगाच काढत नाही.

"एकानं वेळ रद्द केलीय," तो म्हणाला. "सव्वातीनला ये. उशीर केलास तर मी चहा प्यायला बसेन, मग मला देवही उठवू शकत नाही."

मी तीनलाच पोचले.

गाडी त्याच्या ताब्यात देऊन मी काचेपलीकडच्या बाकावर बसले. त्यानं दिवे पाहिले. ब्रेक पाहिले. गाडी वर उचलून खालून टॉर्च फिरवली. मग पुढच्या सीटबेल्टचे दोन्ही पट्टे ओढून पाहिले.

मग मागचं डावं दार उघडलं...

आणि तसाच थांबला.

थोडा वाकला. चेहऱ्यावर हसू आलं. आणि दोन बोटं हलवून... त्यानं टाटा केला.

मला वाटलं, म्हातारं बहुतेक चळलं.

दहा मिनिटांनी तो कागद घेऊन आला.

"पास आहे. टायर चांगले आहेत. फक्त डावीकडचा मागचा पट्टा तपासता आला नाही, तसं लिहिलंय. पुढच्या वेळी बाळाची सीट काढून आण गं पोरी. आम्हाला ती हलवायची परवानगी नसते."

"कुठली सीट?"

"मागची. बाळाची."

"माझ्या गाडीत बाळाची सीट नाहीये."

तो हसला. "बरं, मग तो राजवाडा असेल. चल, दाखवतो."

आम्ही दोघं गेलो. त्यानं दार उघडलं.

सीट रिकामी होती. राखाडी कापड, आणि जागेवर गुंडाळलेला पट्टा. बाकी काही नाही.

कटफोर्थचं हसू गेलं. त्यानं हात पुढे करून कापड चाचपलं आणि पटकन मागे घेतला. बोटं पँटला पुसली.

"ओलं आहे," तो हळूच म्हणाला. "मघाशी पण ओलंच लागलं होतं. म्हटलं, पोरानं सांडलं असेल."



"तुम्ही कुणाला टाटा केलात?"

त्यानं गाडीचं दार लावलं.

"मिस्टर कटफोर्थ, मी विचारतेय. आत कुणी होतं का?"

"एकतीस वर्षं मी हे काम करतोय," तो म्हणाला. "दिसतं ते लिहितो, नाही दिसत ते लिहीत नाही. आता ती ओळ खोडायला सांगू नकोस."

"मी कुठे सांगितलं?"

"मग जा. उजेड आहे तोवर घरी जा."

मी निघाले. स्वतःला समजावत होते. थकलाय, वय झालंय, आधीच्या कुठल्या तरी गाडीशी घोळ घातला असेल.

चराच्या रस्त्याला लागले. रेडिओ बंद होता. बाहेर वाराही नव्हता.

मागून आवाज आला...

सर्र...

थांबला.

सर्र...

जुन्या गाडीतला पट्टा हळूहळू ओढला की होतो, अगदी तोच आवाज.

मी आरशात बघितलं नाही. खरंच सांगते, मान वर करायची हिंमतच झाली नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले.

मग...

खट्.

बकल लागलं.

घरासमोर गाडी थांबवली, बाहेर पडले आणि मगच खिडकीतून पाहिलं. डाव्या सीटवरून पट्टा आडवा गेलेला होता. बकल लावलेलं. आणि तो सैल लोळत नव्हता. पट्टा आणि सीट यांच्यामध्ये वीतभर पोकळी होती...

काहीतरी मध्ये असल्यासारखी.

घरात जाऊन मी गाडीची जुनी नोंद उघडली. आमच्याकडे नंबर टाकला की कुठल्याही गाडीच्या सगळ्या तपासण्या दिसतात. घेण्याआधीही मी हे पाहिलं होतं. पण आम्ही सगळे काय बघतो? नापास कधी झाली आणि किती मैल चालली. खालच्या बारीक सूचना कोण वाचतं? बाळाच्या सीटची ओळ तर शेकडो गाड्यांना असते. ज्यांच्या घरी मूल, त्यांच्या गाडीत सीट. त्यात काय वाचायचं?

त्या दिवशी वाचलं.

२००९. काही नाही.

२०१०. मागच्या डाव्या बाजूला बाळाची सीट बसवलेली, पट्ट्याची पूर्ण तपासणी करता आली नाही.

२०११. तेच.

२०१२. तेच.

थेट २०१६ पर्यंत. सात वर्षं, पाच वेगवेगळी गावं, आणि अक्षर न अक्षर तीच ओळ.

शेवटची चार वर्षं गाडी पॉकलिंग्टन यांच्याकडे होती. ज्यांना मूल नाही, पुतण्या नाही, कुणीच नाही.

मी त्यांना फोन लावला.

"तुमच्या गाडीत बाळाची सीट होती का हो?"



"तुम्ही मागचा डावा पट्टा लावून ठेवत नाही वाटतं," ते म्हणाले.

"काय?"

"मी कायम लावून ठेवायचो. लावलेला असला की शांत असतं."

"कोण शांत असतं?"

"...गाडी," ते म्हणाले. "गाडी शांत असते. माफ करा, गॅसवर दूध आहे." आणि फोन ठेवला.

त्यांचा मला इतका संताप आला! हे माहीत असून माणसानं गप्प बसावं? नातीचा फोटो दाखवला होता मी त्यांना. त्यांच्याच घरी, त्यांचाच केक खाताना.

केरीला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? चार दिवस पट्टा लावून ठेवला आणि कामाला जात राहिले. मागून एकदाही आवाज आला नाही. सीट मात्र कधी सुकली नाही.

शनिवारी केरी मार्नीची सीट गाडीत बसवायला आली. आमच्याकडे बाळाची सीट सगळे डावीकडेच लावतात, फुटपाथच्या बाजूला. बाळाला उतरवताना रस्त्यावर उभं राहावं लागत नाही.

मी स्वयंपाकघरात होते. तिची हाक ऐकून धावत बाहेर आले. ती गुडघा सीटवर दाबून धापा टाकत होती.

"आई, ही खाली बसतच नाहीये! डगमगतेय. खाली काही आहे का?"

"काही नाही."

"मग जात का नाही? हे बघ, दाबतेय तरी..." ती थांबली. केस मागे सारले आणि हसली. "इथे आधीच कुणीतरी बसलंय वाटतं!"



"काढ ती."

"अगं, उजवीकडे लावते."

"डावीकडे नको, उजवीकडे नको. मार्नी या गाडीत बसणार नाही."

"सोमवारी मला कामावर जायचंय! आता सांगतेस? तुझं काय बिनसलंय?"

"ब्रेक बरोबर लागत नाहीत."

"मंगळवारी पास झाली ना?"

"केरी, ती सीट काढ!"

मी इतक्या जोरात ओरडले की आत घरात झोपवलेली मार्नी रडायला लागली. केरीनं सीट उचलली. मुलीला घेतलं आणि गेली. पुढचे दोन महिने ती एका मैत्रिणीच्या गाडीतून पोरीला सोडत होती. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

आता पुढचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले आहे.

गाडी भंगारात द्यायला हवी होती. मला ते तेव्हाही कळत होतं. पण भंगारात दिली असती, तर दुसरी घेता आली नसती. आणि गाडी नाही, तर नोकरी नाही.

मी जाहिरात टाकली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एक जोडपं आलं. रॉस आणि जेमा. पंचविशीचे असतील. जेमाच्या छातीशी झोळीत सहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं. टोपीला दोन कान शिवलेले होते. नाव विचारायचं मी मुद्दाम टाळलं.

रॉसनं फोनवर नंबर टाकून सगळी नोंद पाहिली. शहाणा मुलगा, खालच्या सूचनासुद्धा वाचल्या.

"बघ ना," तो बायकोला म्हणाला, "बाळाच्या सीटशिवाय एक शेरा नाही. सगळे पोरंबाळंवाले मालक. जपून चालवलेली गाडी आहे." मग माझ्याकडे वळला. "हो ना?"

मला बोलता आलं असतं. ती दोघं माझ्यासमोर उभी होती. दार उघडं होतं, मागचा पट्टा लावलेला होता, आणि जेमा आत वाकून म्हणत होती, "थोडं ओलसर आहे का हो इथे?"

"खिडकी उघडी राहिली होती," मी म्हणाले. "आणि हो. जपून चालवलेली आहे."

ती दोघं गाडी घेऊन गेली.

पॉकलिंग्टनचा राग करण्याचा हक्क त्या दिवशी माझा गेला.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये मी नंबर टाकला. राहवलंच नाही.

२०१८. पास. सूचना दोन होत्या.

मागच्या डाव्या बाजूला बाळाची सीट बसवलेली.

मागच्या उजव्या बाजूला बाळाची सीट बसवलेली.

मी खुर्चीत बसून मोठ्यानं रडले. आनंदानंच म्हणा. त्यांचं बाळ उजवीकडे होतं, धडधाकट होतं. डावीकडची सीट नीट बसली नसेल, म्हणून रॉसनं उजवीकडे लावली असेल. शहाणा मुलगा.

वर्ष गेलं. मार्नी बोलायला लागली होती. केरीचा रागही कधीच निवळला होता. नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा नंबर टाकला.

२०१९. पास. सूचना एक.

मागच्या डाव्या बाजूला बाळाची सीट बसवलेली, पट्ट्याची पूर्ण तपासणी करता आली नाही.

उजवीकडचं काहीच नाही.

त्यांचं मूल तेव्हा अडीच वर्षांचं असायला हवं. आमच्याकडे मुलं बारा वर्षांची होईपर्यंत, नाहीतर पुरेशी उंच होईपर्यंत, अशा सीटवरच बसतात. तसा कायदाच आहे.

तपासणीला नेताना त्यांनी सीट काढून ठेवली असेल. धुवायला काढली असेल. दुसरी गाडी घेतली असेल. ही नोंद मी रोज उघडते आणि रोज यातलं एक कारण निवडते.

रॉसचा नंबर अजून माझ्याकडे आहे. आज दुपारी हे लिहिण्याआधी मी तो लावला. एक रिंग वाजली आणि मी कट केला.

पाच मिनिटांनी तिकडूनच फोन आला. स्क्रीनवर नाव होतं. टेबलावर वाजत राहिला, मग थांबला. पुन्हा वाजला.

मी उचलला नाही.