नोंद कोणाच्या नावावर?

विषाणू संशोधनशाळेत त्या दुपारी शलाका गव्हाणेच्या डाव्या हाताला सुई लागली, आणि कोंडल्या गेल्या उजगरे मॅडम.

कारण साधं होतं. प्रयोगशाळेतली इलेक्ट्रॉनिक नोंदवही माणसाला डोळ्यावरून ओळखायची. खातं बदलायचं तर बाहेर येऊन डोक्यावरचा हूड काढायचा, कॅमेऱ्याला डोळा दाखवायचा आणि तो अवजड पोशाख पुन्हा अंगावर चढवायचा. एवढा उपद्व्याप कोण करणार? सकाळी पहिला येईल त्याच्या खात्यावर दिवसभर सगळे नोंदी टाकायचे. त्या दिवशी पहिल्या आल्या होत्या विभागप्रमुख हेमलता उजगरे.

शलाकानं पडद्यावर प्रामाणिकपणे नोंद केली: संसर्गित सुई हातमोज्यातून आत गेली. मोज्यातल्या संवेदकानंही भोक पडल्याचं कळवलं. मात्र हात कोणाचा, हे त्याला सांगता येत नव्हतं. नोंदवहीनं खात्यावरचं नाव वाचलं आणि बाहेर येणाऱ्या उजगरे मॅडमना विलगीकरण खोलीत घेऊन दार लावलं. मागून पोशाख उतरवून आलेल्या शलाकाला तिनं अडवलं नाही. खिडकीतून विषाणूरोधक औषधाचा डोस आत सरकला. खिडकीतून वस्तू आत जायची, बाहेर काही यायचं नाही. संस्थेत डोस तेवढा एकच होता. दुसरा पुण्याहून यायला संध्याकाळ होणार होती आणि सुई लागल्यापासून दोन तासांत डोस टोचला नाही तर उपयोग शून्य.

संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या निरंजन ठोसरला पडद्यावर बोलावलं गेलं, तेव्हा त्यानं आधी हसून सांगितलं की नाव बदलणं चुटकीसरशी होईल. हसू फार टिकलं नाही. दुरुस्तीवर मूळ नोंद करणाऱ्याची, म्हणजे खात्याप्रमाणे मॅडमचीच, सही लागत होती, आणि विलगीकरणातल्या माणसाची सही नोंदवही मानत नव्हती. पूर्वी एकानं सुटण्यासाठी खोटं लिहून दिलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. दाराची किल्लीही तेव्हाच माणसांकडून काढून घेतली होती. सुरक्षा समितीला निरोप गेला. उत्तर आलं की बैठक उद्या सकाळी आहे. निरंजनला संताप आला, पण कोणावर काढणार? नोंदवहीत बिघाड नव्हता. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, तस्संच ती वागत होती.

"मग माझ्या नावानं नवी नोंद करू?" शलाकानं विचारलं.

निरंजननं करून पाहिली. नोंदवहीनं ती नाकारली. संवेदकाकडे एकच भोक नोंदलेलं होतं आणि ते उजगरे मॅडमच्या नावावर जमा होतं.

काचेपलीकडे मॅडम डोस हातात धरून उभ्या होत्या. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्या ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगत होत्या की सुई शलाकाला लागली आहे. नोंदवही त्यांचं प्रत्येक वाक्य टिपून घेत होती आणि पुढे लिहीत होती: बाधित व्यक्तीचं विधान, अग्राह्य.

निरंजननं नोंदवहीचे नियम पुन्हा एकदा वाचून काढले. त्याला एक वाट दिसली होती आणि ती सांगावीशी वाटत नव्हती.

"शलाकाताई," तो शेवटी म्हणाला, "नोंदवहीला खरं भोक लागतं. तुमच्या खात्यावर, नव्या मोज्यात, त्याच सुईनं. मोजा रिकामा असला किंवा सुई स्वच्छ असली तर संवेदक ते भोक धरत नाही. मग ती तुम्हालाही आत घेईल. डोस मॅडमच्या हातात आहेच."

"मी तुला हे करू देणार नाही, बाळा," मॅडम शलाकाला म्हणाल्या. पण अडवायला त्या बाहेर नव्हत्या.

शलाका खूप घाबरली होती, आणि तिनं ते लपवलं नाही. तिनं घड्याळाकडे पाहिलं, हूड हातात घेतला आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन डोळा दाखवला. कित्येक महिन्यांत त्या प्रयोगशाळेत दुपारी खातं बदलण्याची ही पहिलीच वेळ. पडद्यावर तिचं नाव उमटलं. नोंदवहीनं नियम पाळल्याबद्दल तिचे आभार मानले.

पोशाख चढवण्याआधी ती काचेजवळ आली. हे औषध मॅडमनीच घडवलं होतं. उंदरांवरच्या चाचण्या शलाकानं त्यांच्या हाताखाली केल्या होत्या. उंदरांना विषाणू नेहमी एकदाच टोचला जायचा.

"मॅडम," तिनं विचारलं, "दोनदा टोचलं, तर एक डोस पुरेल?"