आतून पडलेला पोचा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली. पटली नाही तर सोडून द्या, पण तिच्यासमोर कुणी हसू नका.

शुभदामावशी मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहते. गेल्या वर्षी दिवाळी नुकतीच उरकली होती. त्यांच्या दारात मात्र कंदील लागला नव्हता.

तिचा एकुलता एक मुलगा, अभिनव, गणपतीनंतर गेला होता.

अभिनवला रेल्वेचं भारी वेड. भरतीत नंबर लागला नाही, म्हणून तो घरी कॉम्प्युटरवर ट्रेन चालवायचा. खऱ्यासारखे सिग्नल, खऱ्यासारखे ब्रेक. त्याच्या वडिलांना, आत्मारामकाकांना, ते बघवायचं नाही.

"गाडीच चालवायचीय ना? मग खरी चालव," ते म्हणाले. आणि ओळखीने त्याला टेम्पोवर लावलं.

वरसाव्याच्या पुलाजवळ एका ट्रेलरने तो टेम्पो कठड्याला दाबला. केबिनचं दार जाम झालं. लोक जमले. मोबाईल वर झाले.

दाराला हात कुणी लावला नाही.

तो व्हिडिओ फिरत फिरत मावशीकडेही आला. तिने तो एकदा पाहिला. काकांनी कधीच नाही.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी काका कामावर होते. पोरगं तासन् तास काय बघत बसायचं, ते एकदा बघावं असं मावशीला वाटलं. तळमजल्यावरचा दिपेश अभिनवचा दोस्त. त्याने गेम लावून दिला.

यार्डात एक निळं इंजिन उभं होतं. आत्ताच धुतल्यासारखं.

"हे त्याचं आवडतं, काकी."

मावशी नुसती बघत बसली. कशालाही हात लावला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गेम लावला, तर...

ड्रायव्हरच्या दारावर पोचा होता.

"काकी, कुठे ठोकलीत काय?"

"मला चालवता कुठे येतं रे?"

त्या गेममध्ये गाडीला धडक बसली की पत्रा चेपतो. दुरुस्तीचं बटण दाबलं की गाडी परत नवी. दिपेशने बटण दाबलं. पोचा गेला.

पुढच्या संध्याकाळी तो परत आला होता. शेजारी आणखी दोन.

त्याच दारावर.

दिपेशने कॅमेरा अगदी जवळ नेला. मग त्याचा हात थांबला.

"काय झालं रे?"

"काकी, धडक बाहेरून बसते. पत्रा आत जायला पाहिजे." त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा बाहेर आलाय."

आणि तेव्हाच...

ठक्.

दिपेशने स्पीकरची वायर उपटली.

ठक्... ठक्...

प्रत्येक ठोक्याला स्क्रीनवरचा पत्रा फुगत होता.

इतक्यात काका आले. खांद्यावर बॅग तशीच. "बंद करा ते," म्हणाले आणि...

ठक्.

काका उंबऱ्यातच थबकले.

"कसला आवाज आहे हा?"

मावशीने वळूनही पाहिलं नाही. "तुम्ही व्हिडिओ बघितला नाहीत ना? ऐका आता."

काकांची बॅग खाली पडली.

"दिपेश, दार उघड."

"ह्याचं दार उघडत नाही, काका. नुसतं चित्र आहे ते."

"उघड म्हणतोय ना."

दिपेशने सापडेल ते बटण दाबलं. दुरुस्तीचंही दाबलं. पत्रा क्षणभर सपाट व्हायचा आणि पुन्हा... ठक्.

काका वाकले. स्क्रीनवर नखं लावून त्या दाराची कड शोधायला लागले. मावशी सांगते, ते रडत नव्हते. नुसतं पुटपुटत होते. "थांब हां बाळा. थांब."

ठोके हळू झाले.

मग...

काहीच नाही.

त्यानंतर कधी पोचा आला नाही. दिपेशने गेम खेळणाऱ्या चार जणांना विचारलं. पत्रा आतून फुगतो, असं कुणी पाहिलेलं नाही. तो आता त्यांच्याकडे जात नाही.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. आतल्या खोलीत काका कॉम्प्युटरसमोर बसले होते. निळं इंजिन उभं होतं. दार सरळ, चकचकीत. काका कान पुढे करून बसले होते.

मावशीने माझ्यापुढे चहा ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

"आवाज थांबला ना? बरं झालं. सुटलात."

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं.

"व्हिडिओतही शेवटी थांबला होता," ती म्हणाली. "मगच लोकांनी मोबाईल खाली केले."