पाय धुण्याचा रविवार

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. आमच्या केंटकीच्या डोंगरातल्या चर्चमध्ये वर्षातून एकदा सगळे एकमेकांचे पाय धुतात. पुरुष पुरुषांचे, बाया बायांचे. मनात कुणाबद्दल अढी असेल, त्याने त्या दिवशी बाकावर बसायचं नाही. मी बसले होते.

मांडीवर माझा एमिट, सहा महिन्यांचा. जन्मल्यापासून त्याचा श्वास घरघरायचा, मध्येच थांबायचा. थांबला की माझाही थांबायचा.

त्याने बापाला पाहिलंच नाही. तो पोटात असताना कोळशाच्या खाणीत आग लागली आणि मुकादम ऑर्बिन स्टिडमने खाणीच्या तोंडावर विटांची भिंत घातली. आत माझा व्हर्जिल होता, आणखीही माणसं होती. भिंतीमागून ठोके येत होते. भिंत फोडा म्हणत मी ऑर्बिनच्या बुटांना मिठी मारली.

तो म्हणाला, "वहिनी, भिंत फोडली तर आत हवा जाईल, आग भडकेल. आणि आत आता कोणी जिवंत नाही."

ठोके चालूच होते.

आमचे पाळक, बंधू लॉन्झो, घरी येऊन सांगायचे, "डेल्फाबाई, देवावर आशा ठेवा." ठेवली. दुसरं काय होतं ठेवायला? रोज गुडघे टेकून मी एमिटसाठी श्वास मागायचे, आणि त्याच दमात म्हणायचे, ऑर्बिनचा काढून घे.

तर त्या रविवारी बंधू लॉन्झो कमरेला टॉवेल बांधून ऑर्बिनपुढे बसले. त्याचे पाय गोरे, स्वच्छ. घमेल्यात ठेवले आणि पाणी काळं झालं.

"ऑर्बिन, आंघोळ करतोस ना रे?" मागून कोणी म्हणालं. माणसं हसली.

"कालच केलीय, घासून."

"जन्मात कधी कोळसा उचलला नाही त्याने, आणि मळ बघ," सासूबाई माझ्या कानात पुटपुटल्या.

पाणी बदललं. तेही काळं झालं. मग खालून, पाण्यातून, जळक्या लाकडाचा वास यायला लागला. आता कोणी हसत नव्हतं.

"बंधू... इतकं घट्ट धरू नका," ऑर्बिन म्हणाला.

बंधू लॉन्झोंचे दोन्ही हात वर होते. हातांत कोरडा टॉवेल.

"सोडा... सोडा ना..."

तो उठला. घोट्यांवर काळी बोटं उमटलेली. कुणीतरी ओढत असल्यासारखा अनवाणीच दाराबाहेर गेला. आम्ही मागोमाग निघालो. ओली काळी पावलं खाणीच्या वाटेने चढत भिंतीपाशी गेली होती. परतलेलं एकही नव्हतं. भिंतीची वीटसुद्धा हललेली नव्हती.

मग आतून ठोके आले.

बंधू लॉन्झोंनी तिथे पडलेली कुदळ उचलली. मी एमिटला खांद्यावर घेऊन भिंतीला पाठ लावली.

"भिंत फोडली तर आत हवा जाईल, बंधू. आग भडकेल."

"डेल्फा... आत माणूस आहे."

"आत आता कोणी जिवंत नाही."

बाकीच्या विधवा येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. बंधूंनी कुदळ खाली ठेवली. पाठीला विटांमधून ठोके लागत होते, हळूहळू मंदावत होते, आणि माझ्या मानेवर एमिटचा श्वास येत होता. मोकळा, भरपूर. त्याच्या जन्मात पहिल्यांदाच.

देवाने ऐकलं होतं. मी रडले, आभार मानले.

घरी येऊन त्याचे मोजे काढले. अजून रांगतही नाही तो. त्याचे तळवे कोळशासारखे काळे होते. धुतले. पाणी काळं. दुसरं घेतलं, तेही काळं. आणि माझं लेकरू शांतपणे माझ्याकडे बघत पाळण्याच्या फळीवर टाचेने ठोके देत होतं.

अजून देतं.

ज्यांचं कोणी भिंतीआड राहिलंय, त्यांना सांगा, देव ऐकतो. आशा सोडू नका. आणि ज्या बाईचं लेकरू आजारी असेल, तिला एवढं नक्की सांगा, की लेकरासाठी मागशील तेव्हा त्या दमात दुसरं काही मागू नकोस.