सुमेधचं मशीन

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता आकडा त्रेसष्टवरून चौसष्टवर गेला.

घडलं ते एवढंच. झाशीत, नगरा मोहल्ल्यात, माझ्या बहिणीच्या घरातल्या मागच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा एक आकडा एकाने वाढला.

पण त्याआधी तो नऊ महिने हलला नव्हता.

मी इथल्या एका हिंदी दैनिकात वीस वर्षं डेस्कवर आहे. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ पुढे सोडायची नाही, ही सवय आता जाणार नाही. खाली जे लिहितोय ते मी स्वतः पाहिलंय, किंवा घरातल्या दोघांना वेगवेगळं विचारून घेतलंय. खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या. मलाही अजून पटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लिहून ठेवतो.

माझ्या भाच्याचं नाव सुमेध होतं.

हे आधीच का लिहिलं, ते शेवटी कळेल.

सुमेध माझ्या अलकनंदाताईचा थोरला. चोवीस वर्षांचा. लक्ष्मी गेटपाशी निशांत नावाच्या मित्राबरोबर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माझे भाऊजी, सुभाषचंद्र, कारखान्यातल्या नोकरीसाठी नागपूरहून झाशीला आले आणि निवृत्त होऊनही इथेच राहिले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मुलांची भाषा दोन्हींच्या मधली.

गेल्या जानेवारीत सुमेधच्या स्वतःच्या मशीनची हार्ड डिस्क बिघडायला लागली. चालताना आवाज करायची. टक्... टक्... मग घर्र. म्हणून त्याने नवीन आणली, पत्त्यांच्या जोडाएवढी, अजिबात आवाज न करणारी. जुन्या डिस्कवरचं सगळं, विंडोजपासून पडद्यावरच्या चित्रापर्यंत, जसंच्या तसं नवीवर हलवायचं होतं. सकाळीच त्याने ते काम लावलं. पडद्यावर निळी पट्टी हळूहळू भरू लागली. तिच्यावर टक्क्यांचा आकडा.

त्या दिवशी त्याला गरौठ्याला जायचं होतं. तिथल्या एका शाळेचे कॉम्प्युटर बघायला.

बाहेर दाट धुकं होतं.

"जरा ऊन पडू दे, मग नीघ," ताई म्हणाली.

"अगं, लेट होईल आई. तिकडे सर लोक वाट बघत बसतील." हेल्मेट घालता घालता तो वळला. "आणि हे मशीन बंद नको करू हां. झाडू मारताना प्लग पण नको काढू. तुझी आदत आहे."

"तुझं मशीन डोक्यावर घेऊन बसते. जा आता!"

"डोक्यावर नको घेऊ. बस, चालू राहू दे. आल्यावर मी बघतो."

गरौठा रोडवर एक ट्रॅक्टर-ट्रॉली मागचा दिवा न लावता उभी होती.

दहाव्या दिवशी आम्ही बेतवेच्या काठी गेलो. बायका सहसा येत नाहीत. ताई आली.

पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. खाली एकही येईना.

भाऊजींनी हात जोडले. "ईशानीचं शिक्षण पुरं करू." ईशानी, सुमेधची धाकटी बहीण. कावळे हलले नाहीत. "दुकान निशांत सांभाळील." तरी नाही. गुरुजी म्हणाले, मनात काही राहिलं असेल तर आठवून बघा. कुणाला काही आठवेना.

मग ताई पुढे झाली.

"बाळा, मशीन बंद नाही करणार. तू सांगितलंस तसं चालू ठेवीन."

पहिला कावळा तेव्हा उतरला.

तेव्हापासून मशीन चालू आहे.

वीज जाते म्हणून भाऊजींनी इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी जोडली. मे महिन्यात त्या खोलीत कूलर लागला. "घरच्या माणसांनी घामाने भिजायचं आणि मशीनला कूलर!" असं ते येईल त्याला ऐकवायचे. कूलरमध्ये पाणी मात्र स्वतःच भरायचे.

आकडा त्रेसष्टवर अडकून होता. निशांतने येऊन बघितलं होतं.

"हँग झालंय, मामाजी. डिस्क जिथे खराब आहे तिथे अटकलंय. आता नाही हलणार."

ताईने त्याला विचारलं, "म्हणजे अर्ध्याहून जास्त नवीनमध्ये गेलंय ना?"

"गेलंय काकी, पण उपयोग नाही. अर्धवट कॉपी उठत नाही. पुरी होईल तेव्हाच नवीन डिस्क सुरू होईल. तोपर्यंत त्यात सगळं असून नसल्यासारखंच."

ताईने मान हलवली. ते वाक्य तिने किती नीट ऐकलं होतं, ते मला नंतर कळलं.

आणि मग ऑक्टोबरातला तो रविवार.

मी चहाला गेलो होतो. मागच्या खोलीतून ताईची हाक आली. "अशोक, इकडे ये. लवकर."

आतून आवाज येत होता. टक्... टक्...

मी आत गेलो तेव्हा पट्टीवर त्रेसष्ट होतं. आम्ही दोघं बघत असताना चौसष्ट झालं.

ताई हसली. नऊ महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं. "बघ," ती म्हणाली, "काम पुढे चाललंय त्याचं."

त्याच संध्याकाळी ईशानी माझ्याकडे तिचा फोन घेऊन आली. सुमेधने पाठवलेला एक व्हॉइस मेसेज ती रोज ऐकायची. दुकानातून येताना समोसे आणू का, एवढंच विचारलं होतं त्यात.

"मामा, हे बघ ना. चालू होतं, पण आवाजच नाही येत."

मी ऐकला. मेसेज पुरा चालला. मागे रस्त्यावरचे हॉर्न होते. दुकानातला पंखा होता.

मधे जिथे तो बोलायचा...

तिथे काही नव्हतं.

फोन बिघडला असेल, मी म्हणालो. तिने तो मेसेज मलाही पाठवलेला होता. माझ्या फोनवरही तेच.

नोव्हेंबरात आकडा एकाहत्तरवर गेला. मी निशांतला बोलावलं. भर दुपार होती. खिडकीतून ऊन येत होतं.

त्याने मशीनच्या उघड्या डब्यात हात घातला. जुन्या डिस्कवर बोट ठेवलं. मग पूर्ण पंजा ठेवला.

"मामाजी... ही तर थंड आहे."

"म्हणजे?"

"फिरतच नाहीये. ही कधीची मेलीय."

"मग आवाज कुठून येतोय?"

मशीन चालू ठेवूनच निशांतने जुन्या डिस्कची केबल उपटली. डिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवली. ज्यातून नवीन डिस्क भरायची, अशी कुठलीच डिस्क आता जोडलेली नव्हती.

आम्ही पडद्याकडे बघत उभे राहिलो.

टक्... टक्...

बहात्तर.

"भैया, ये कहाँ से उठा रहा है?" निशांत स्वतःशीच पुटपुटला. मेलेल्या मित्राला विचारल्यासारखं.

आवाज पुन्हा आला. या वेळी मला दिशा कळली. तो खोलीतून येतच नव्हता.

स्वयंपाकघरातून येत होता.

तिथे दाराच्या चौकटीवर दोन्ही मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या. दर वाढदिवसाला ताई पेन्सिलने रेघ ओढायची. डावीकडे सुमेध, उजवीकडे ईशानी.

उजवीकडच्या रेघा होत्या.

डावीकडे नुसता रंग होता. खोडल्याचा डाग नाही. पुसल्याची खूण नाही.

"मी नाही पुसलं, मामा," ईशानी रडकुंडीला आली. "कसम से. मी कशाला पुसेन?"

निशांत त्या दिवशी चहा न घेता गेला. तो पुन्हा त्या घरी आला नाही.

यानंतर मी लक्ष ठेवू लागलो. आकडा वाढला की घरात काय झालं, एवढंच बघायचं.

सुमेध डावखुरा होता. जेवताना त्याचं कोपर भाऊजींना लागायचं, म्हणून ते कायम अर्धी खुर्ची सरकून बसायचे. तो गेल्यावरही तसेच बसत. डिसेंबरच्या सुरुवातीला एकदा जेवता जेवता ते थांबले. आपल्या आणि शेजारच्या खुर्चीमधल्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"अशोक, मी असा बाजूला सरकून का बसतो रे?"

मला वाटलं, दुःखाने बोलतायत. तसं नव्हतं. ते खरंच विचारत होते.

मग त्यांनी खुर्ची मधे घेतली. आरामात बसले.

आत आकडा अठ्ठ्याहत्तर होता.

डॉक्टर म्हणाले, धक्क्यानंतर असं होतं. असेल. मीही तेच धरून चाललो होतो.

मग माझी पाळी आली.

सुमेधला सायकल मी शिकवली. किल्ल्याखालच्या मैदानात, सीट धरून मागे धावत. एका दुपारी ऑफिसात बातमी लिहिताना ते सहज आठवलं. मैदान आठवलं. लाल सायकल आठवली. तळहाताला लागणारी गरम सीट आठवली. मी धावतोय, ओरडतोय, "पुढे बघ, खाली नको!"

पण सीटवर...

सीटवर कुणी नव्हतं.

मी रिकामी सायकल धरून धावत होतो.

मी तसाच उठलो आणि नगऱ्यात गेलो. ताई मशीनसमोर स्टूलवर बसून मटार सोलत होती. पडद्यावर शहाऐंशी.

"ताई, हे बंद कर."

"वेडा आहेस का?"

"ऐक माझं. ते डिस्कमधून काही घेत नाहीये. इथून घेतंय. घरातून. आपल्यातून. आकडा वाढतो तेव्हा त्याचं काहीतरी जातं इथलं. भाऊजींना विचार. ईशानीला विचार. मला..."

"माहीत आहे मला."

ती मटार सोलतच होती.

"तो मला हाक मारायचा ना बाहेरून, गाडी लावता लावता? ती मला ऐकू यायची रोज. दिवाळीपासून येत नाही. आठवून बघितली. हाक मारायचा हे आठवतं. हाक नाही आठवत."

"मग बंद का करत नाहीस?"

"शब्द दिलाय मी त्याला."

"ताई, शब्द..."

"आणि निशांत काय म्हणाला होता?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "अर्धवट कॉपी उठत नाही. इथून जातंय म्हणजे कुठेतरी जमत असेल ना रे? आता शहाऐंशी झालाय तो. आता प्लग काढला तर इथेही नाही, तिथेही नाही. असा अर्धवट ठेवू मी त्याला?"

"आणि सगळा गेला म्हणजे? तुझ्याकडे काय राहील?"

"माझं काय करायचंय." तिने सालं गोळा केली. "त्याचं पुरं होऊ दे."

माझा हात प्लगपर्यंत गेला होता. तिने तो धरला नाही. ओरडलीही नाही. नुसती बघत राहिली.

मी हात मागे घेतला.

ती बरोबर होती की नाही, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

त्यानंतर वेग वाढला. भिंतीवरच्या घरच्या फोटोत आता तिघंच आहेत, मधे एका माणसापुरतं अंतर. ईशानी मला वेगळं बोलावून विचारते, "मामा, मी एकुलती आहे ना?" विचारताना तिला रडू येतं आणि का येतं ते तिला सांगता येत नाही. भाऊजींनी दुसरी बॅटरी काढून शेजाऱ्यांना देऊन टाकली.

ताई तेवढी खोली झाडते, प्लग सांभाळून.

परवा आकडा नव्व्याण्णव झाला.

आज सकाळी मी हे लिहायला बसलो होतो. अर्ध्यावर ताईचा फोन आला. आवाज नेहमीचा. छान झोप झाल्यासारखा.

"अशोक, अरे मागच्या खोलीत हे कुणाचं मशीन आहे? आपलं आहे का? दिवसभर चालू असतं. बंद करू?"

मागे फोनमध्ये ऐकू येत होतं.

टक्... टक्...

हो म्हटलं तर तिचा शब्द मोडणार होता, आणि तो नव्व्याण्णववर राहणार होता. नाही म्हटलं तर...

"नको," मी म्हणालो. "चालू राहू दे."

"का? कुणाचं आहे?"

मी तोंड उघडलं. नाव जिभेवर यायला हवं होतं. माझ्या सख्ख्या भाच्याचं नाव.

मला या मजकुरात वर जाऊन ते वाचावं लागलं.

"सुमेधचं," मी वाचून सांगितलं.

ताईने ते नाव एकदा हळूच म्हणून बघितलं. मग पुन्हा एकदा.

"गोड नाव आहे," ती म्हणाली. "येणार आहे का तो न्यायला?"

मी म्हणालो, हो.

"बरं. मग राहू दे चालू."

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. ईशानीला फोन करून विचारलं. मशीन चालू आहे. आकडा अजून नव्व्याण्णव आहे.