‘लोखंडी वेस’चा दुसरा शेवट

रविवारी दुपारच्या खेळाला रोहिणी गड्डम आणि तिचा नवरा अंबादास एकमेकांच्या खुर्चीत बसले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. अंबादासचा गुडघा ठणकत होता. कडेची खुर्ची रोहिणीच्या नावाची होती आणि तिथे पाय पसरता येत होता. प्रेक्षकांनी आपापल्या नावाच्याच खुर्चीत बसावे, अशी सूचना पडद्यावर पुन्हा पुन्हा झळकत होती. पण तिकिटावरच्या जागेवर सोलापूरकर कधी बसलाय? ‘दादा, जरा तिकडं सरकता का, आम्ही सगळे एकत्र आहोत’ असं म्हणत अख्खी रांग उठली आणि मनासारखी बसली.

खुर्च्या नव्या होत्या. हात टेकायच्या दांड्यावर बोटभर रुंदीची गार पट्टी होती. मनगट तिच्यावर ठेवलं की ती नाडी मोजायची, घाम चाचपायची, श्वास कुठे अडला तेही टिपायची. लोक तिला नाडीपट्टी म्हणू लागले होते. डोळ्यांवर ज्याचा त्याचा चष्मा. पूर्वी चित्रपट एकदाच तयार होऊन गावोगाव जायचा, आता तो समोर बसलेल्याच्या नाडीवर शिजायचा. कुणी कंटाळलं तर त्याच्यापुरता पाठलाग आटोपता घेतला जाई, कुणाला भीती आवडली तर त्याच्या चष्म्यात अंधार वाढे. ज्याच्या त्याच्या जिभेप्रमाणे आमटीत तिखट घालावं, तसा हा प्रकार. ‘लोखंडी वेस’चा पहिला भाग जुन्या पद्धतीचा, सगळ्यांना एकच असा होता आणि तो तुफान चालला होता. दुसऱ्या भागाचं परीक्षण लिहायचं म्हणून रोहिणी आली होती. इथल्या एका दैनिकात ती कित्येक वर्षं चित्रपटांवर लिहीत होती.

गोष्ट तीच, भिंतीत कोंडलेल्या एका शहराची. वेशीला लोखंडानं मढवलेला लाकडी दरवाजा, येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती, बोलण्यावर पहारा. ज्वाला नावाची माजी सैनिक त्या राजवटीविरुद्ध उभी राहते. मोटारींचे स्फोट, छपरांवरून उड्या, असं सगळं रीतसर पार पडल्यावर ती हातात मशाल घेऊन दरवाज्याशी पोचते. समोर पहाऱ्याचा नायक, निःशस्त्र, हात जोडून उभा. रोहिणीच्या चष्म्यात ज्वालानं मशाल फेकली. दरवाजा पेटला, नायकासकट पेटला. रोहिणीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं कुणीकुणी तिच्या ओळी कापल्या होत्या, तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं आणि तिनं ते ठेवलंही होतं. ते सगळं त्या आगीत जळून गेल्यासारखं तिला वाटलं.

परतताना रिक्षात अंबादास हळहळला, की बिचारी शेवटी मशाल खाली ठेवून शरण गेली, हे काही त्याला पटलं नाही. रोहिणी म्हणाली, तुम्ही झोपला होता. तो म्हणाला, डोळ्यांची शपथ. घर येईपर्यंत दोघं भांडले, मग काय घडलं ते लक्षात येऊन खो खो हसले. रात्री तिनं परीक्षण लिहिलं. उत्तरार्ध ताणलेला, शेवट ओढूनताणून आणलेला, अडीच तारे. नेहमीप्रमाणे अंबादासनं ते आधी वाचलं आणि विचारलं, की उरलेला अर्धा तारा चहाबरोबर खायला ठेवलाय का. स्वतःला काय वाटलं ते तिनं लिहिलं नाही. समीक्षकानं स्वतःच्या छातीबद्दल लिहायचं नसतं.

परीक्षण छापून आलं आणि गावात दोन तट पडले. अर्धे म्हणत, असा सिनेमा झाला नाही. अर्धे म्हणत, तिकिटाचे पैसे परत द्या. टपरीवर एकच प्रश्न, “काय बे, तुझ्याकडं पेटवली का शरण गेली?” ज्यांच्याकडे पेटवली होती ते कॉलर ताठ करून सांगत. रोहिणीच्या गल्लीतला यल्लप्पा टेलर तर येईल त्या गिऱ्हाइकाला आगीचं वर्णन ऐकवत होता, माप घ्यायचं सोडून.

लपवलेलं काहीच नव्हतं. प्रेक्षकांचा प्रतिसाद नगर स्वास्थ्य मंडळाला कळवला जाईल, असं खेळाआधी एका गोड आवाजानं सांगितलं होतं. तेव्हा लोक पॉपकॉर्न कुठं मिळतो ते बघत होते. मंडळाचं म्हणणं साधं होतं. आग पाहून ज्याचं मन उसळतं तो उद्या आग लावू शकतो, मग त्याच्याशी आजच बोललेलं काय वाईट? या बोलण्याला त्यांनी नाव दिलं संवाद. पहिलं बोलावणं यल्लप्पाला आलं.

तो आठवड्यानं परतला. अंगावर ओरखडा नाही, उलट चेहरा तजेलदार. पण हा माणूस म्हणजे भांडणाचं पोतं होता, एका बटणावरून तासभर वाद घालणारा. परवा एका टेम्पोनं त्याच्या दुकानाची पायरी उडवली, तर यल्लप्पानं हात जोडून टेम्पोवाल्याचीच माफी मागितली. त्याची बायको रोहिणीच्या दारात येऊन बसली. ते जेवतात, हसतात, सगळं ऐकतात, असं सांगून ती म्हणाली, “पण वहिनी, माझा माणूस अजून तिकडंच आहे.”

त्यानंतर गाव बदललं. आगीचा शेवट जणू कुणी पाहिलेलाच नव्हता. टपरीवर जो तो सांगू लागला, की ज्वाला शरण गेली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं बघा. भाऊ भावाशी बोलताना आधी मागं वळून बघे. संपादकांनी रोहिणीला परीक्षण सुधारून मागितलं आणि तिनं निमूटपणे एक तारा वाढवला. रोज संध्याकाळी ती दाराची कडी दोनदा तपासू लागली, जणू कडीनं काही थांबणार होतं. मंडळ तिला शोधत येईल असं तिला वाटत होतं. बोलावणं आलं ते अंबादासला.

जेवताना त्याचा फोन वाजला. ‘नागरिक संवादासाठी आपली निवड झाली आहे.’ त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. खुर्ची त्याच्या नावाची होती आणि त्या खुर्चीत नाडी होती रोहिणीची. ज्यानं घरातला विंचूसुद्धा सुपात धरून बाहेर सोडला, तो माणूस तिच्या रागापायी जाणार होता, आणि परत येणारा तिच्या लिखाणाची कधी थट्टा करणार नव्हता.

“मी जाऊन सांगते,” ती म्हणाली. “ती नाडी माझी होती.”

“नाव माझं आलंय, मी जातो,” तो म्हणाला. “तू लिहिणारी. तुझं डोकं त्यांच्या हाती लागायला नको.”

शेवटी दोघं गेले. केंद्र स्वच्छ होतं, गार होतं, भिंतींना फिकट निळा रंग होता. कुठं ओरडा नाही, कुलूप नाही, आणि त्याचीच रोहिणीला जास्त भीती वाटली. टेबलामागे एक हसतमुख तरुण अधिकारी होती. रोहिणीनं सगळं भडाभडा सांगून टाकलं, गुडघ्यापासून आगीपर्यंत. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं.

“सगळे असंच म्हणतात, काकू. काल एका बाईसाठी तिघं आले होते, प्रत्येकजण म्हणत होता नाडी माझीच. म्हणून आम्ही पुन्हा दाखवतो. जे असेल ते खुर्ची सांगेल.”

“भीतीनंही नाडी धावते,” रोहिणी म्हणाली. “मग तुम्हाला फरक कसा कळतो?”

“भीतीचा घाम गार असतो, काकू. पट्टीला कळतं.”

दोघांना शेजारी शेजारी बसवलं, या वेळी नीट नावानिशी. चष्मे चढले, आणि थेट शेवटचाच प्रसंग सुरू झाला. ज्वाला, मशाल, हात जोडलेला नायक. रोहिणीनं दात आवळले. तिला आज पेटायचं होतं. तिनं कापलेल्या ओळी आठवल्या, यल्लप्पाची उडालेली पायरी आठवली, ही गोड बोलणारी मुलगीसुद्धा आगीत उभी करून पाहिली. जाळ, जाळ, असं ती मनात ओरडत होती. पण मनगटाखालची पट्टी ओली गार झाली होती, आणि मनाच्या तळाशी एकच विनवणी चालली होती, की मला काही करू नका. पट्टीनं तेवढीच ऐकली. चष्म्यात ज्वालानं मशाल खाली ठेवली, मग गुडघे टेकले, आणि रोहिणीला उमगलं की तिच्याशी संवाद करायची आता कुणालाच गरज नाही.

तिनं चष्मा ओढून काढला. अंबादास ताठ बसला होता. त्याच्या चष्म्याच्या कडांतून तांबडा उजेड गालांवर पडत होता, आगीचा. मुठी वळलेल्या, कपाळाची शीर तटतटलेली. आणि तो हसत होता.

“काकू, तुम्ही घरी जा,” मुलगी मायेनं म्हणाली. “तुमचं सगळं छान आहे. काकांना आम्ही ठेवून घेतो.”

“अहो,” रोहिणीनं हाक मारली. त्यानं चष्मा काढला नाही, फक्त आपला हात तिच्या हातावर ठेवला. तो हात तापलेला होता, कोरडा होता. हा माणूस तिला वाचवायला पेटला होता का? पण नाडीला कुठं नाटक करता येतं? मग साधा सरळ अंबादास, ज्याच्या चष्म्यात त्या रविवारी आग लागलीच नव्हती, तो एवढ्या दिवसांत खरोखरच पेटला होता का? आणि तसं असेल, तर ही आग लावली कुणी?